हळद आणि हार्डनर

आमच्या वहिनीच्या वडिलांच्या मते जगातल्या सगळ्या दुःखाचं मूळ एकच होतं: वस्तू उघडी राहणं. फौजेच्या वर्कशॉपमध्ये गाड्या रंगवून ते कडेगावला परतले आणि घरातली कुदळ, खाटेचे पाय, एवढंच काय, बैलांची शिंगंही त्यांनी रंगाखाली झाकली. एकोणीसशे साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या हाती दोन डब्यांचा नवा रंग लागला. एकात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. वेगळे ठेवले तर दोन्ही पातळच राहतात. एकत्र कालवले की आपोआप तापतात आणि काही वेळात दगड होतात. "नवराबायकोगत हाय ह्ये," ते कौतुकाने सांगत. वहिनीची आई आतून विचारी, "मग त्यातला दगड कोन म्हनायचा?"

कालवत मात्र ते नेहमी गरजेपेक्षा जास्त. उरलेला रंग घट्ट व्हायच्या आत संपवायचा म्हणून ब्रश घेऊन गल्लीत धावत, आणि शेजारीपाजारी आपापल्या घागरी आत घेत. एकदा ओसरीवर चहा पीत बसलेल्या पाहुण्याची मिटलेली छत्री त्यांनी रंगवली. ती पुन्हा उघडली नाही.

धाकट्या मुलीच्या, म्हणजे वहिनीच्या बहिणीच्या, हळदीच्या सकाळी ते पाण्याची टाकी रंगवत होते. तेवढ्यात सांगलीहून नवरदेवाची उष्टी हळद आली. थाळी घ्यायला ते तसेच पुढे झाले, हार्डनरने माखलेली बोटं हळदीत बुडाली आणि हळद लालभडक झाली.

"आवं, हळदीचं रगत झालं!" नवरदेवाची आत्या म्हणाली. "ह्ये लक्षान बरं न्हाई. आमी म्हागारी जातो."

रंगाविषयी तासभर बोलू शकणारा हा माणूस नुसती बोटं सदऱ्याला पुसत राहिला. शेवटी पाटावर बसलेली मुलगीच बोलली, "आत्याबाई, हळद लागलेल्या लुगड्याला साबन लावला की काय हुतं?"

"तांबडं हुतंय की."

"मग आबांच्या हाताला साबनाचा थोरला भाऊ लागलाय."

आत्याबाईंनी थाळीचा वास घेतला, शिंकल्या आणि खाली बसल्या. "पोरगी लय हुशार हाय. बापाला तेवढं लांब ठेवा."

बाप आधीच लांब गेला होता, हात मागे बांधून, मांडवाच्या खांबाआड. दुसरी हळद कालवली गेली, बायकांची लावून झाली, तेव्हा मुलीने हाक मारली, "आबा, या की."

"नगं बाई. माझ्या हातानं इस्कोट हुतोय."

"चिंचेनं हात धुवा अन् या."

ते न्हाणीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा बोटं घासून सोलवटली होती. त्यांनी एका बोटाने मुलीच्या गालाला हळद लावली आणि रंग बदलतो का, ते पाहत उभे राहिले. हळद पिवळीच राहिली.

"आवं, सरका आता," बायका म्हणाल्या. ते सरकले नाहीत.