उघडी खिडकी

“माझी चूक अंगावर घ्यायला तुला सांगितलं होतं कुणी?” थोरलीनं पुन्हा विचारलं.

धाकटी जाऊ कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, घरच्या माणसासाठी केलं, त्यात काय एवढं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, त्यालाही मन मोठं लागतं. थोरलीला मिरच्या झोंबल्या.

विद्यापीठातल्या रसायन विभागाची प्रयोगशाळा ती लग्नाआधीपासून सांभाळत होती. धाकटीला तिथे चिकटवलं तिनंच. काचेच्या नळ्या न फोडता धुवायलाही तिनंच शिकवलं. पण नवी इमारत उभी राहिली आणि तिथे आधी गेली धाकटी, कारण तिला कॉम्प्युटर येत होता. छतावर सौरपट्ट्या, संडासाला पावसाचं साठवलेलं पाणी, खोली रिकामी झाली की दिवे आपोआप बंद. धाकटी रोज संध्याकाळी सांगायची आणि थोरलीचा नवरासुद्धा हातातला घास तसाच धरून ऐकायचा. थोरलीला विभाग जन्मभर मावशी म्हणत आला. धाकटी आल्याआल्या मॅडम झाली.

आता जुन्या इमारतीच्या भिंती तशाच ठेवून ती आतून नवी करायची होती. तोवर तिथली माणसं आवाराच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये. नव्या इमारतीत एकच जागा शिल्लक होती आणि ती थोरलीला हवी होती. जमतंय का बघायला तिला आज बोलावलं होतं.

गेल्यागेल्या तिनं खिडक्या सताड उघडल्या. जुन्या प्रयोगशाळेत कोंडलेला वास घालवायचा तो एकच उपाय. इथे मात्र यंत्र हवा मोजून आत घेतं, आणि विषारी वाफा ओढणारी काचेची कपाटं ती हवा मोजूनच बाहेर टाकतात. वारा शिरला तशी मजल्यावरच्या सगळ्या कपाटांचे धोक्याचे भोंगे कोकलायला लागले. प्रयोग थांबले, मुलं जिन्यात. विभागाचे सर धावत आले तेव्हा धाकटी पुढे झाली. म्हणाली, खिडक्या मी उघडल्या. सर हसले. मॅडम, तुमच्या हातून चूक म्हणजे नवलच.

थोरली तिथेच उभी होती. मेलीला चूकसुद्धा शोभून दिसत होती.

आता घरी थोरलीचा नवरा म्हणाला, जागा वाचली ना तुझी, मग गप बस की.

“वाचली. म्हणजे आता रोज हिच्या उपकाराखाली हजेरी लावायची.”

“ताई, मी कुणाला बोलणार नाही,” धाकटी म्हणाली.

“मला ठाऊक आहे. तेच तर सहन होत नाही.”

थोरलीनं ताटं मांडली, सगळ्यांना बसवलं आणि वाढता वाढता सांगितलं,

“उद्या सरांना भेटून खिडक्या मी उघडल्या म्हणून सांगणार आहे. ती जागा नको मला. मी शेडमध्ये जातेय.”