शिवाप्पा मिस्त्रींच्या शिडाच्या होड्या

होडीच्या फटीत सूत ठोकून वर डांबर फासलं, की ते वाळेपर्यंत दुसरं काम नसतं. सगळे सावलीला बसून बोलतात. जेऊरजवळ, उजनीच्या पाण्याकाठी, मीही बरीच वर्षं असा बसलो. मी शिंपी, होड्यांची शिडं शिवून द्यायचो. होड्या बांधायचे शिवाप्पा मिस्त्री आणि त्यांचा धाकटा भाऊ मल्लू. त्या काठावरचे किस्से इतके साचलेत, की एक सांगायला घेतला तर दुसराच तोंडात येतो.

दोघं भाऊ अक्कलकोटकडचे, बैलगाड्या बनवणाऱ्या घरातले. गाड्या कुणाला नकोशा झाल्या, म्हणून पाण्यावर आले. नवी होडी पाण्यात ढकलली, की दोघं फळीवर शेजारी शेजारी बसून तळातून पाणी किती येतंय ते बघायचे. त्यांची पहिली होडी तरंगली झकास, पण वळेना. ज्याच्यासाठी बांधली तो मच्छीमार म्हणाला, "मिस्त्री, पुढं बैल जुंपा की."

शिवाप्पा म्हणाले, "पाण्यात पवणारी जोडी आन, जुंपतो."

एकदा मी हौसेनं सोलापूरच्या एमआयडीसीतून टॉवेलचं कापड आणलं आणि त्याचं शीड शिवलं. दिसायला लई देखणं. पण लाटा उडाल्या तसं ते पाणी पीत गेलं आणि डोलकाठी वाकली. मल्लू वल्हं मारत कसाबसा काठाला आला, नखशिखांत भिजलेला, आणि थोरल्या भावाला म्हणाला,

"अण्णा, वारा काय धरंना. पर अंग पुसायला बरं हाय."

मिस्त्रींना एवढं हसताना मी त्या दिवशीच पाहिलं.

मग फायबरच्या होड्या आल्या. डांबर नको, शीड नको, मागं इंजिन. मिस्त्रींकडची कामं थांबली. एक दिवस मल्लू म्हणाला, "अण्णा, सोलापूरला जातो. कारखान्यात हमाली हाय."

 मिस्त्री म्हणाले, "जा. करवत तेवढी हितं ठिव."

वर्षही झालं नाही. अक्कलकोट रोडवर कामाला निघालेल्या मल्लूच्या सायकलला ट्रकनं उडवलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढं कधीतरी मिस्त्रींनी बाभळीचा एक ओंडका कापायला काढला. मोठी करवत, दोन टोकांना दोन माणसं लागतात. मी दुसरं टोक धरलं. थोडं कापून झाल्यावर ते थांबले.

"काय चुकलं का?" मी विचारलं.

"न्हाय. तू ढकलतोस. त्यो वढायचा."

ओंडका तसाच राहिला.

गेल्या उन्हाळ्यात मोडनिंबच्या एका ढाबेवाल्यानं शोभेसाठी जुनी होडी विकत घेतली. दोघा भावांनी मिळून बांधलेली ती शेवटची. ती दारात मांडायची, पण पावसाचं पाणी साचून डास होतील, म्हणून तळाला भोक पाडायला त्यानं मिस्त्रींनाच बोलावलं. सोबत मी गेलो. ढाबेवाल्यानं ड्रिल मशीन पुढं केली. मिस्त्रींनी ती बाजूला सारली, पिशवीतून हातानं भोक पाडायचं गिरमिट काढलं, तळावरून हात फिरवला आणि फिरवत फिरवत भोक पाडलं. लाकडाचा भुसा रुमालात बांधला.

मग होडीत चढून फळीवर बसले. एका कडेला सरकून, शेजारी एका माणसाची जागा सोडून.

ऊन चढलं. गिऱ्हाइकं बघायला लागली. ढाबेवाला अवघडून म्हणाला, "मिस्त्री, काम झालं न्हवं? उतरा की आता."

मिस्त्रींची नजर त्या भोकावरच होती.

"थांबा जरा," ते म्हणाले. "पाणी किती येतंय ते बघतो."