एका तालमीचे दोघं

जगदीश मोहिते आमच्याच गावचा. परळच्या एका कॉलेजात जिमखान्याचा शिपाई म्हणून लागला, त्याला सव्वीस वर्षं झाली. कागदावर शिपाई, पण कुस्तीची पोरं त्याला वस्ताद म्हणतात. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हापासून या कॉलेजाचा कुस्तीचा संघ आहे. ऑगस्टात निवड, सप्टेंबरात कॉलेजांच्या कुस्त्या, थंडीत विद्यापीठांच्या. हे वेळापत्रक जगदीशच खडूनं भिंतीवर लिहितो.

लालबागेत त्याची छोटी तालीमही आहे. तिथली दोन पोरं एका वजनगटात येऊ नयेत म्हणून तो आधीपासून झटतो. एकाचं वजन वाढव, दुसऱ्याचं उतरव. कारण आमच्याकडं एका वस्तादाचे पठ्ठे एकमेकांशी लढत नाहीत. लढायची पाळी आलीच तर धाकट्यानं थोरल्यापुढं पाठ टेकायची, पण बघणाऱ्याला कळता कामा नये. अशा ठरवलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात.

यंदा सगळं फिसकटलं. त्याच्याच तालमीतले धनेश आणि संघर्ष, दोघंही पासष्ट किलोत. कॉलेजच्या संघात जागा एक, आणि नाव निवडीच्याच दिवशी पाच वाजेपर्यंत कळवायचं. धनेशचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. संघर्ष वरळीच्या बीडीडी चाळीतला, दोन वर्षांनी लहान. पण त्यानं एकेरी पट काढला, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरला, की सुटका नाही.

प्राची मॅडम क्रीडाशिक्षिका म्हणून नव्यानं आलेल्या. म्हणाल्या, "ट्रायल घ्या. आणि फिक्सिंग दिसलं तर दोघंही बाद. सांगून ठेवते."

शिट्टी जगदीशच्या हातात. पहिल्याच मिनिटाला संघर्षनं धनेशचा पाय उचलला. आता आपटणार, तोच बोटं ढिली पडली. धनेश सुटून त्याच्या पाठीमागं गेला. धनेशला दोन गुण. परत तेच. चार.

जगदीशनं शिट्टी ओठाला लावली आणि खाली घेतली. बोलावं तर दोघं जातात. गप बसावं तर चांगला गडी घरी बसतो. आणि ही अक्कल त्यानंच पोरांना दिलेली.

संघर्ष कुशीवर कलंडला. पाठ मॅटला टेकायला बोटभर अंतर.

शिट्टी वाजली.

"ही नुरा हाय, मॅडम."

"म्हणजे?"

"ठरवून लढत्यात."

"ओ वस्ताद, काय बोलताव!" धनेश किंचाळला.

मॅडमनी फॉर्म उचलला. "मग दोघंही बाद."

"बाद मला करा. धाकट्यानं पाठ द्यायची, ह्यो माझा नियम. पोरांनी पाळला."

संघर्षनं मान वर केली नाही. "मग आता काय करू?"

"चुलीत घाल त्यो नियम. लढ!"

मॅडमनी फॉर्म खाली ठेवून घड्याळ बघितलं. साडेचार. जगदीशच्या हातातली शिट्टी काढून घेत म्हणाल्या, "शून्यापासून. तुम्ही बाजूला बसा."

आता धनेश पेटला. घुसताना त्याचं डोकं लागलं आणि संघर्षची भुवई फुटली. चिंधी बांधून पुन्हा भिडले. धनेश चार, संघर्ष दोन. शेवटचं अर्धं मिनिट. संघर्षनं पट काढला, या खेपेला बोटं सुटली नाहीत. धनेश आपटला तो पाठीवरच. चितपट.

पाचला दहा कमी असताना जगदीशनं मॅडमनी पुढं केलेल्या फॉर्मवर संघर्षचं नाव लिहिलं.

धनेश समोर येऊन उभा राहिला. "बोलायचंच होतं तर आधी बोलायचं ना. तो दम राखून होता, मला दमवून हरवलात."

"जीभच उचलंना, लेका."

धनेशनं पिशवी खांद्याला मारली. रोज वस्तादाच्या पायाला हात लावून जाणारं पोरगं, त्या दिवशी त्याला वळसा घालून गेलं.