राखेतला क्रमांकाचा दगड

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर हाताळलेले ते एकच प्रकरण अजून मनातून गेलेले नाही. त्याला तपास म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. मी नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी मुलीकडे राहत होतो आणि शेजारच्या मराठी कुटुंबाने केवळ वडीलधारा म्हणून मला बोलावले होते.

मुलाकडे राहायला आलेले त्या घरातील गृहस्थ इथेच वारले. इथल्या दाहगृहात शवपेटीबरोबर क्रमांक कोरलेला एक अग्निरोधक दगड भट्टीत जातो आणि पुढे राखेतच राहतो. तीच मृताची ओळख. कायद्याप्रमाणे महिन्याने राख मिळाली, पण कलशात दगड नव्हता. मुलाने अंत्यविधीसंबंधी तक्रारी ऐकणाऱ्या समितीकडे अर्ज केला. राख हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यावर हलगर्जीपणाचा आरोप होता. आईचे म्हणणे मात्र एवढेच होते, "हे आमचेच आहेत, असं कुणीतरी खात्रीने सांगा. नाहीतर गोदावरीत मी कुणाला सोडू?"

मी मुलाला घेऊन दाहगृहात गेलो. पेटीवरचा, नोंदवहीतला आणि दाखल्यावरचा क्रमांक एकच होता. मुद्देमालाच्या नोंदवह्या मी आयुष्यभर तपासल्या. खाडाखोड नजरेतून सुटत नाही. इथे ती नव्हती. दगड स्वतःच्या हाताने ठेवला, एवढेच तो कर्मचारी म्हणाला. खोटे बोलणारा सहसा इतक्यावर थांबत नाही.

पोचपावती पाहिली, तर तिच्यावर सही ब्रेडाला राहणाऱ्या काकांची, म्हणजे मृताच्या धाकट्या भावाची होती. मुलगा ऑफिसात अडकल्याने कलश त्यांनी घेतला होता आणि तो दोन दिवस त्यांच्या घरी होता. ही गोष्ट सांगण्यासारखी आहे, असे कुणालाच वाटले नव्हते.

काकांना मी चहाला बोलावले. कलशाचा विषय न काढता दहाव्याला अश्मा कुठला घेतला होता, असे विचारले. अश्मा म्हणजे स्मशानात मडके फोडायचा दगड. त्यावर दहा दिवस तिलांजली देतात. इथे मडके फुटलेच नव्हते. काकांनी कप खाली ठेवला.

"राखेत दगड दिसला, साहेब. वाटलं, आपली रीत विचारून त्यांनीच ठेवलाय."

"त्यावर नंबर होता."

"इथं कचऱ्याच्या डब्यालासुद्धा नंबर असतो."

महिन्यापूर्वी राहून गेलेला विधी आता तरी व्हावा म्हणून दगड काढून घेऊन त्यांनी दहा दिवस त्यावर तीळपाणी घातले होते. तक्रार गेल्याचे कळल्यावर वहिनींसमोर बोलण्याचा धीर होईना. त्याच दुपारी आम्ही ब्रेडाहून ताम्हणासकट दगड आणला. क्रमांक दाखल्याशी जुळला.

"भाऊजी, दहा दिवस एकट्याने केलंत," वहिनी म्हणाल्या, "मला हाक मारायची होती." मग त्यांनी कलश मांडीवर घेतला.

मुलाला एका ओळीत तक्रार मागे घ्यायची होती. ऑफिसात हसे होईल, ही त्याची भीती. मी ते मानले नाही. आरोप लेखी होता, तेव्हा खुलासाही लेखी हवा. काकांचा जबाब मी मराठीत नोंदवला, मुलाने त्याचे डच भाषांतर केले आणि काकांनी न कचरता सही केली. समितीने कर्मचाऱ्याची चूक नसल्याचे नमूद करून प्रकरण बंद केले.

तपास तक्रारदाराच्या घरापासूनही करावा लागतो आणि तो त्याचा मान राखून करता येतो, हे नोकरीत मी अनेकांना शिकवले. स्वतःला ते कितपत जमले, याची शंका होती. खात्यातली प्रशस्तिपत्रे मी इथे आणली नाहीत. समितीच्या त्या पत्राची प्रत मात्र, संकोच बाजूला ठेवून सांगतो, मी मागून घेतली आहे.