ओमच्या बाबांचं बोट

डाव्या हाताचं पहिलं बोट खाली सोडायचं, किंचित वाकवायचं आणि मुलाकडे न बघता चालायला लागायचं. ‘चल’ नाही, ‘ये बाळा’ नाही, काही नाही. पोर आपणहून येऊन त्या बोटाला लटकतं. ही विद्या आमच्या सोसायटीत एकाच माणसाला येत होती आणि त्या माणसाने मला सहा महिने जेरीला आणलं होतं.

त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत बायका ‘अमक्याची आई’ म्हणून ओळखल्या जातात आणि पुरुष आडनावाने. यांना मात्र सगळे ‘ओमचे बाबा’च म्हणत. बायको बँकेत, हे घरी, आणि चार वर्षांचा ओम दिवसभर यांच्याबरोबर. असं का, हे विचारायची आम्हा सगळ्यांचीच फार इच्छा होती. एकदा पहिल्या मजल्यावरच्या काकांनी धीर करून विचारलं, “सध्या काय करता?”

“ओमला सांभाळतो. आपण?”

काकांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पुढे माझ्यावरच ती पाळी आली. कंपनीने आमचा विभाग बंद केला आणि मी ऐन चाळिशीत घरी बसलो. बायकोची नोकरी चालू होती, म्हणून तीन वर्षांच्या मुक्ताचं पाळणाघर बंद करून तिला माझ्या हवाली केलं. आई दाराबाहेर पडली की मुक्ता जो सूर लावायची, तो जेवणापर्यंत खाली येत नसे. मी घोडा झालो, हत्ती झालो. हत्तीला बघून ती जास्त रडली. आठवड्याने बायको म्हणाली, “हे बघ, महिनाभर बघू. नाही जमलं तर तिला सांगलीला आईकडे ठेवू. तुला नोकरी लागेपर्यंत.” चिडून म्हणाली असती तर मी भांडलो तरी असतो. ती समजुतीने म्हणाली, ते फार लागलं. घरी बसलेला बाप, आणि मुलगी सांगलीला!

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला बेल वाजली. दारात ओमचे बाबा. खांद्याला पिशवी, तिच्यात पाण्याची बाटली, टोप्या आणि कुरमुऱ्यांचा डबा.

“मुक्ताचे बाबा, आवाज खालपर्यंत येतो. चला.”

“कुठे?”

“बघायला. कुठेतरी काहीतरी चालू असतंच.”

मी म्हटलं, त्यापेक्षा बागेत जाऊ. नापास झालेल्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. “बाग दहाला बंद होते, चारला उघडते. मधले सहा तास मुलांनी काय करायचं, हा विचार बाग बांधणाऱ्याने केलेला नाही.”

त्यांनी केला होता. सोमवारी लाकडाची वखार. मंगळवारी गादीवाल्याकडे कापूस पिंजताना बघायचा. बुधवारी डेपोच्या कुंपणाबाहेर उभं राहून बस धुताना बघायच्या. गुरुवारी आपल्याकडे नळाला पाणी नसतं, तेव्हा टँकर. “आणि खर्च?” मी विचारलं. “कुरमुरे,” ते म्हणाले.

हे सगळं मला आवडलं असं मात्र समजू नका. उन्हात दीड तास एका करवतीकडे बघत उभं राहून पाहा म्हणजे कळेल. शिवाय माझा पडला इंजिनिअरचा जीव. मी मुक्ताला सांगायला लागलो, “हे बघ हं, मोटारीचा पट्टा या चाकावर येतो, मग—”

“मुक्ताचे बाबा, ती बघतेय. तुम्ही गप्प उभे राहा.”

मी गप्प उभा राहिलो. थोड्या वेळाने, “दोन पावलं मागे.” हे ते सगळ्यांना म्हणत. मुलांना, मला, एकदा तर वखारीच्या मालकालाही म्हणाले. मालक सरकला.

सगळ्यात जास्त डोकं फिरायचं ते चालताना. त्यांच्या एका बोटाला ओम, दुसऱ्याला माझी मुलगी आणि पिशवी घेऊन मागून मी, लग्नातल्या करवल्यासारखा. एकदा मीही त्यांच्यासारखं बोट वाकवून खाली सोडलं. मुक्ताने ते निरखून बघितलं आणि विचारलं, “बाबा, बोटाला बाऊ झाला?”

मग आमच्याच गल्लीत ड्रेनेजसाठी खड्डा खणला. काय खड्डा होता! जेसीबी, मातीचे ढीग, तळाशी उतरलेली माणसं. मुक्ता चार दिवस सकाळी रडली नाही. आई गेली की धावत जाऊन चपला घालायची. महिना संपायला आठवडा होता आणि सांगलीचं नाव घरात कमी कमी निघत होतं.

पाचव्या दिवशी खाली उतरलो तर गल्ली सपाट. रोलर निघायच्या तयारीत. ओमने तोंड वाकडं केलं, मुक्ताने सूर लावला.

“चार दिवसांत बुजवला?” ओमच्या बाबांना विश्वासच बसेना.

तेवढ्यात ठेकेदाराचा मुकादम माझ्याकडे बघून हसत आला. “काय साहेब, झालं ना काम? तुमची तीन पत्रं आली होती.”

आता सांगतो. मी सोसायटीचा सेक्रेटरी (ओमचे बाबा भाडेकरू, वहीत नाव घरमालकाचं). खड्डा खणला त्याच संध्याकाळी मी सवयीने संबंधितांना कडक पत्र लिहिलं होतं, आणि मग आणखी दोन. आयुष्यात माझ्या एकाही पत्राची कोणी दखल घेतलेली नव्हती, त्यामुळे मी ती विसरूनही गेलो होतो.

ओमचे बाबा माझ्याकडे वळले. “अख्ख्या पुण्यात एका माणसाचं पत्र लागू पडलं,” ते म्हणाले, “ते तुमचं.” आणि ओमला घेऊन वर गेले.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली नाही. पावणेनऊ, नऊ. मुक्ताचा ओठ थरथरायला लागला. बायकोने सँडल घालता घालता माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सांगलीची एस. टी. उभी होती. मला सगळ्यांचाच राग आला. त्यांचा, माझा, मुकादमाचा. कुरमुरे पिशवीत कोंबले आणि “आता दुसरा खड्डा शोधणं आलं!” असं पुटपुटत तरातरा जिना उतरलो. मुक्ताकडे बघायचंसुद्धा राहून गेलं. फाटकापाशी आलो तेव्हा बोटाला काहीतरी गरम, चिकट लागलं. तिची मूठ होती.

बारा वाजेपर्यंत आम्ही कोथरूड पालथं घातलं. शेवटी एका बांधकामावर खड्डा मिळाला. त्यातलं पाणी पंपाने बाहेर फेकत होते. पंप कसा चालतो हे मला उत्तम माहीत होतं. मी काही बोललो नाही. तासाभराने मुक्ताच म्हणाली, “बाबा, दोन पावलं मागे.”

परत येताना मी त्यांची बेल वाजवली. “खड्डा सापडलाय. पंप आहे.”

“पाणी गढूळ आहे का?”

“एकदम.”

“उद्या पावणेनऊ.”

महिना संपला त्या सकाळी बायको दारात उगीच रेंगाळली. मुक्ता तिला म्हणाली, “आई, तू जा ना लवकर. पंप बंद होईल.” सांगली तिथेच संपली.

जूनमध्ये ओम शाळेत जायला लागला. त्याच सुमारास त्यांनी पुण्याबाहेर मांजरी गावात जागा घेतली आणि ते गेले. मलाही नोकरी लागली. दीड वर्षाने एका नातेवाइकांकडे म्हणून मी आणि मुक्ता मांजरीला गेलो होतो. रस्त्याकडेच्या शेतात ट्रॉलीत ऊस भरत होते. अलीकडे शाळेची भिंत, आणि भिंतीला लागून ते उभे. शाळा सुटायला अवकाश असावा. एकटेच होते. खांद्याला तीच पिशवी, नजर उसाकडे. डावा हात खाली सोडलेला, आणि बोट किंचित वाकलेलं.

हाक मारावी म्हटलं तर नाव माहीत नाही. आणि एकट्या उभ्या माणसाला ‘अहो, ओमचे बाबा’ कसं म्हणायचं?

मी हा विचार करतोय तोवर मुक्ताने माझं बोट सोडलं, चालत जाऊन त्यांचं धरलं. त्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही.

“दोन पावलं मागे,” ते म्हणाले. “मोळी सुटते कधी कधी.”

ती मागे सरकली. दोघं उसाकडे बघत राहिली. मी पलीकडे, माझं बोट तसंच वाकवून.