भूक लागते म्हणून परत आणलेली बाटली

काशीने बाटली माझ्या टेबलावर ठेवली. अर्धे औषध तसेच होते.

"दुसरा कायतरी द्या, डागतर. ह्याने भूक लागते."

कंपाउंडर हसला. म्हणाला, लोक भूक लागत नाही म्हणून रडत येतात, ही लागते म्हणून आली. मीही हसलो. ते हसणे अजून माझ्या मनातून जात नाही.

मी कल्याणच्या सरकारी डिस्पेन्सरीत हॉस्पिटल असिस्टंट आहे. म्हणजे मोठे डॉक्टरसाहेब ठाण्याला असतात आणि इथे नाडी पाहण्यापासून जखम शिवण्यापर्यंत सगळे माझ्याकडे. काशी टिटवाळ्यापलीकडच्या एका शेतकऱ्याची सून. दुसऱ्या बाळंतपणानंतर पांढरीफटक पडली होती. पाण्याची घागर उचलली की धाप लागे. याला आम्ही ॲनिमिया म्हणतो, म्हणजे अंगातले रक्त कमी होणे. त्यावर लोहाचे मिक्स्चर देतात. त्याने अन्नावर वासना येते, आणि अन्न पोटात गेले की रक्त भरते. मी तिला हेच समजावले आणि बाटली परत तिच्या हातात दिली. दारात उभ्या असलेल्या सासूकडे तिने एकदा पाहिले, आणि दोघी निघून गेल्या.

घर खात्यापित्याचे होते. दोन बैलजोड्या, दुभती म्हैस, भाताने भरलेली कणगी. त्यामुळे उपासमार हा शब्द माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. तरी पुढच्या बाजाराच्या दिवशी तिच्या सासऱ्याला बोलावून सांगितले, की सुनेला दूध द्या, पोटभर जेवू घाला.

"आमच्या घरान कुनाला कमी नाय, डागतर," तो म्हणाला.

तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या पानात कधी कमी पडलेच नव्हते.

लावणीच्या दिवसांत सांगावा आला, की काशी चिखलात कोसळली. मी बैलगाडी करून गेलो. दुपार झाली होती. काशी पडवीत घोंगडीवर पडलेली. आत पुरुष जेवत होते आणि सासू वाढत होती. ते उठले तेव्हा टोपलीत भाकरी उरली नव्हती. सासूने मडक्यात पाणी ओतले, तळाचा भात खरवडला, आणि ती पेज दोन वाडग्यांत घेतली. एक स्वतःला, एक सुनेला.

मी विचारले, "हिची भाकरी?"

"व्हती. हिनेच ती धाकल्या दिराला वाढायला लावली. त्यो नांगर धरतो."

"आणि ही सकाळपासून लावणीला वाकली होती, ते?"

"ती काय, बाया करतातच."

दुधाचे विचारले, तर ते पुरुषांत आणि पोरांत संपे. मला राग आला. मी आवाज चढवला. सासू शांतपणे म्हणाली, "वाढनारीने आधी कसा खावा, डागतर?" तिचेही मनगट काटकीएवढे होते.

काशी डोळे मिटूनच बोलली. "पेजेवर चालला व्हता माजा. औषध घेतला, मग चालंना."

लावणी आटपायच्या आत ती गेली.

मोठे साहेब तपासणीला आले तेव्हा म्हणाले, पीक तर यंदा चांगले आहे, ही बाई कशाने गेली?

"ॲनिमिया, सर."

"टॉनिक दिले होते?"

"दिले होते, सर."

"मग तुमची ड्यूटी झाली."

मी मान हलवली. दुष्काळ गावात नव्हता, त्या घरातही नव्हता, फक्त चुलीपाशी होता, हे साहेबांना सांगायला हवे होते. माझ्याने सांगवले नाही.

त्या संध्याकाळी घरी पानावर बसलो आणि वाढणाऱ्या बायकोला विचारले, तू काय जेवतेस? ती म्हणाली, "तुम्ही जेवा आधी. माझं होतं नंतर." इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला जेवताना पाहिलेच नव्हते. त्या दिवशी चौथी पोळी मागितली नाही. तिच्या वाट्याला ती आली की मुलाच्या, ते मला ठाऊक नाही.

मिक्स्चर मी अजूनही देतो. डोस तोच आहे, पण 'जेवणानंतर घ्यावे' असे पूर्वी नुसते सांगून मोकळा होत असे. आता बाई आली की आधी विचारतो, जेवण असते का.