लेखी काही आलं नाही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या मित्राला सगळं सांगतो त्यालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं — जात नाहीये.

धुळ्याच्या एका बांधकाम कंपनीत मी करार बघतो. उद्या काही बिनसलं तर ते कंपनीच्या अंगावर येऊ नये अशी कलमं घालायची, हे माझं काम. मी त्यात तरबेज आहे. वकीलसुद्धा माझा मसुदा वाचून मान डोलावतात, आणि मला ते आवडतं — अजूनही आवडतं, काय करू?

माझं लाडकं कलम एकच. कामावर धोका दिसला तर ठेकेदाराने तो लेखी कळवायचा. तोंडी सांगितलेलं धरलं जाणार नाही. आणि सही झाली की मीच मुकादमाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचो, आपल्या माणसांत कागद कशाला, फोन करत जा. माणुसकी वाटते ना? कागद आला की उत्तर द्यावं लागतं. फोनचं तसं नसतं. हे मला पक्कं ठाऊक होतं.

नाना हे असेच एक मुकादम, साक्रीकडचे; मजुरांचा ठेका त्यांच्या नावावर. मजुरांची टोळी घेऊन आमच्या कामांवर यायचे. त्यांचा मेहुणा सुरेशही त्याच टोळीत होता. नरडाण्याला एका कारखान्याच्या पाइपलाइनसाठी खोल चर खणला होता. काळी माती, त्यात अवेळी पाऊस झालेला. सकाळी नानांचा फोन आला. "भाऊ, माटी वल्ली शे. फळ्या लावाबिगर मानसं कशी उतारू?"

मी चहा पीत होतो. चराच्या भिंतींना फळ्यांचा आधार द्यायचा तर काम थांबणार, आणि थांबलं की मालक मला विचारणार. मी म्हणालो — थांबा, हे नीट सांगू द्या — मी म्हणालो, "नाना, एवढं काही होत नाही. उतरवा माणसं. मी बघतो." मी काहीही बघितलं नाही.

दुपारी चराची भिंत बसली. सुरेश खाली होता. त्याला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता.

चौकशीत मला विचारलं, ठेकेदाराने धोका कळवला होता का? मी म्हणालो, फोन तर रोजच व्हायचे, लेखी काही आलं नाही. यातला एक शब्दही खोटा नव्हता — किती वेळा मी हे स्वतःला ऐकवलंय! नाना समोरच्या बाकावर होते. माझं बोलणं अजून पुरं व्हायचंय असं समजून ते वाट बघत राहिले. मी खाली बसलो. आपण फोनवर सांगितलं होतं, असं नाना म्हणत होते, पण मुकादमाचा शब्द कोण धरणार? ठपका त्यांच्यावर आला, कंपनी सुटली. मालकांनी माझी पाठ थोपटली.

पण मला खरं हे सांगायचं नव्हतं. म्हणजे — हेही सांगायचं होतं, पण याला निदान नोकरीचं नाव देता येतं. पुढच्याला कसलंच नाव देता येत नाही.

काही महिन्यांनी साक्रीला गेलो असताना नानांच्या घरी गेलो. का गेलो? चांगला माणूस म्हणवून घ्यायला गेलो असेन. नानांच्या बायकोने, अक्कांनी, पाणी दिलं. त्या नवऱ्याशी बोलत नव्हत्या, हे लगेच कळलं. माती ओली दिसत असताना यांनी मुकाट्याने माझ्या भावाला खाली उतरवलं, हेच त्यांच्या मनात बसलं होतं. माझ्यासमोर बसून त्या म्हणाल्या, "भाऊ, खरं सांगा. यास्नी तुमले फळ्यास्नं सांगं व्हतं का?"

तिथे मालक नव्हता. वकील नव्हता. चौकशी कधीच मिटली होती. हो म्हटलं असतं तर माझं काय जाणार होतं? नाना भिंतीला टेकून उभे होते. ते माझ्याकडे बघत होते — मीच सांगावं, म्हणून.

मी म्हणालो, "अक्का, मला आठवत नाही."

अक्कांनी मान हलवली, रिकामा पेला उचलला आणि आत गेल्या. नाना त्यांच्या मागे गेले, पण आतल्या दारापाशीच थांबले.

मला सगळं आठवत होतं.